मोटारीच्या पोटांतली बोली

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजराथच्या हद्दीस लागून, सुरगाणा हा तालुका आहे. १९४८ पर्यंत सुरगाणा हें एक लहानसें संस्थान होतें. हल्लीं कोकणा, वारली, महादेव कोळी अशा लोकांच्या वस्तीचा, नागली, भात व वरई पिकविणारा डोंगराळ मुलूख म्हणून तो ओळखला जातो. पाऊस तेथें मनस्वी पडतो. नार व पार या नद्या त्याच डोंगरांतून पश्चिमेकडे गुजराथेंत उतरतात, आणि अलीकडे बोरगांवच्या बाजूला हिंवाळ्यांत स्ट्रॉबेरीचे वाफे लाल झालेले दिसतात. आगगाडी मात्र या तालुक्यांत कधींच गेली नाहीं. नाशिकपासून ८०-९० किलोमीटरांच्या त्या वाटेवर रोगी, विद्यार्थी, वऱ्हाडी, आंबे आणि स्ट्रॉबेरी यांची सर्व ये-जा मोटारीच्या चाकांवरच चालते. जेथें दुसरें साधन नाहीं, तेथें मोटार चालते कीं नाहीं, आणि बिघडली तर ती कोण दुरुस्त करूं शकतो, हा चैनीचा प्रश्न राहत नाहीं.

म्हणून आज आम्ही वाचकांपुढें एक असा विषय ठेवीत आहों, कीं जो वरवर पाहतां परदेशी कारखानदारांच्या चिंतेचा वाटेल. मोटारींच्या पोटांतील संगणकांनीं एकमेकांशीं कोणत्या भाषेंत बोलावें, हा तो विषय. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या भाषेंत मोठें स्थित्यंतर होत आहे. कचेरींतील व बँकेंतील संगणक ज्या पद्धतीनें जोडलेले असतात, ती 'इथरनेट' नांवाची पद्धत आतां मोटारींत शिरली आहे. ती कां आली, तिनें काय साधलें, आणि तिचा सुरगाण्यासारख्या गांवाशीं काय संबंध, हें सांगण्याचा हा यत्न आहे.

आमच्या वडिलांच्या काळांतील जीपमध्यें दिव्याचें बटण दाबलें कीं बॅटरींतील वीज तारेनें थेट दिव्यापर्यंत जात असे. आजच्या गाडींतील बटण हा नुसता विनंतीअर्ज आहे. तो अर्ज एक लहान संगणक वाचतो, दुसऱ्यास कळवितो, आणि दुसरा दिवा लावतो. इंजिन, ब्रेक, सुकाणूचें चाक, हवेच्या पिशव्या, खिडक्या, थंड हवेचें यंत्र, या प्रत्येकावर असा एकेक कारभारी बसविलेला असतो. साध्या गाडींतहि त्यांची गणती डझनांनीं करावी लागते, आणि फार भारी गाडींत ती शंभराच्या घरांत जाते. प्रत्येकापासून प्रत्येकापर्यंत स्वतंत्र तार ओढावयाची म्हटलें तर गाडींत माणसांना बसावयास जागा उरणार नाहीं. तेव्हां या कारभाऱ्यांना बोलण्याची कांहीं सामाईक सोय हवी, हें ओघानेंच आलें.

ही सोय जर्मनींतील बॉश कंपनीनें केली. १९८३ मध्यें तिनें कामास हात घातला व १९८६ मध्यें अमेरिकेंत डेट्रॉईट येथें अभियंत्यांच्या सभेपुढें आपली योजना मांडली. तिचें नांव 'कॅन'. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती मर्सिडीजच्या मोठ्या गाडींत आली आणि पुढें जगभरच्या गाड्यांत पसरली. तिची घडण आमच्या वाचकांना समजावयास मुळींच कठीण नाहीं. कारण ती एकत्र कुटुंबाच्या माजघरासारखी आहे. एकमेकींस पीळ दिलेल्या दोन तारा गाडीभर फिरविलेल्या असतात, आणि सर्व संगणक त्यांना टांगलेले असतात. एक बोलला कीं सगळे ऐकतात. ज्याच्या कामाचें असेल तो तें घेतो, इतर सोडून देतात. दोघे एकाच क्षणीं बोलूं लागले तर त्याचीहि सुरेख व्यवस्था आहे. प्रत्येक निरोपाला क्रमांक दिलेला असतो. ज्याचा क्रमांक लहान, त्याचा निरोप तसाच पुढें जातो, आणि दुसरा आपण होऊन थांबतो. वडील माणूस बोलूं लागलें म्हणजे धाकट्यानें मध्येंच शब्द आवरावा, आणि त्यासाठीं कोणीं डोळे वटारावे लागूं नयेत, असा हा शिष्टाचार आहे. ब्रेकचा निरोप काचेच्या निरोपापुढें जातो तो याच नियमानें.

या पद्धतीनें आपलें काम इतकें चोख केलें कीं आजहि बहुतेक गाड्यांचें इंजिन व ब्रेक तिच्यावरच चालतात. अडचण आली ती गाडीला डोळे फुटल्यावर. मूळच्या कॅनवरून सेकंदास फार तर १० लक्ष बिट, म्हणजे तितकीं 'होय-नाहीं' अशीं उत्तरें, जाऊं शकतात. व्यवहारांत पुष्कळदां याच्या निम्मेंच. 'चाक फिरलें', 'दार उघडें आहे' एवढें सांगावयास हें विपुल आहे. पण मागच्या बाजूस बसविलेल्या कॅमेऱ्याचा हिशेब करून पाहा. १२८० आडवे व ८०० उभे बिंदू धरले तर एका चित्रांत १० लक्षांहून अधिक बिंदू झाले. प्रत्येक बिंदूस १६ बिट, आणि सेकंदास ३० चित्रें. गुणाकार केला म्हणजे सेकंदास सुमारें ४९ कोटी बिट होतात. एका डोळ्यास कॅनच्या पूर्ण शक्तीच्या जवळजवळ पांचशें पट वाट पाहिजे, आणि आजच्या भारी गाड्यांस असे चार-सहा डोळे, शिवाय रडार, असतात.

दुसरी अडचण सुधारणेची. गाडींतील संगणकांच्या आज्ञावली आतां वारंवार बदलाव्या लागतात. ८०० कोटी बिटांची आज्ञावली सेकंदास ५ लक्ष बिटांच्या वेगानें भरावयाची तर मधला एक क्षणहि वायां न घालवितां साडेचार तास लागतात. तीच सेकंदास १० कोटी बिटांच्या वाटेनें ८० सेकंदांत भरते. अशा एका-दोन गरजांसाठीं कारखानदारांनीं मध्यंतरीं निरनिराळ्या बोली काढल्या. आरसे-खिडक्यांसाठीं 'लिन', सुकाणूसारख्या नाजूक कामासाठीं 'फ्लेक्सरे', गाण्यासाठीं व चित्रांसाठीं 'मोस्ट'. परिणाम असा झाला कीं एकाच घरांत चार भाषा सुरू झाल्या आणि प्रत्येक दारांत एकेक दुभाष्या बसवावा लागला.

येथें इथरनेटचा प्रवेश होतो. त्याची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं मे १९७३ मध्यें एक टिपण लिहिलें आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्यानें तें प्रत्यक्षांत उतरविलें. एकाच लांब तारेला अनेक संगणक जोडावयाचे, ही मूळ कल्पना. प्रकाशाच्या लहरी ज्या सर्वव्यापी 'ईथर' नामक द्रव्यांतून जातात असें पूर्वीचे शास्त्रज्ञ मानीत, त्याचें नांव त्यांनीं या तारेस दिलें. आपल्या शास्त्रांत शब्द हा आकाशाचा गुण मानला आहे. त्या दृष्टीनें पाहतां हें नांव आपल्यास अगदींच परकें वाटूं नये. विज्ञानांतून तें ईथर केव्हांच बाद झालें. नांव मात्र तारेच्या रूपानें चिरंजीव झालें. १९८३ मध्यें आय. ई. ट्रिपल ई. या अभियंत्यांच्या संस्थेनें त्याचे नियम मंजूर केले, आणि कोणीहि कारखानदारानें ते वाचून यंत्र बनवावें अशी मोकळीक झाली. मेटकाफ यांस २०२२ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला तो याच कामगिरीबद्दल.

परंतु कचेरींतलें इथरनेट जसेंच्या तसें मोटारींत घालतां येण्यासारखें नव्हतें. प्रारंभींच्या इथरनेटांत दोघे एकदम बोलले तर दोघांचेंहि बोलणें फुकट जाई, आणि दोघांनीं मनास येईल तितका वेळ थांबून पुन्हां यत्न करावा असा रिवाज होता. पत्र पाठविण्यास हें चालतें. ब्रेक लावण्यास नाहीं. पुढें प्रत्येक संगणकास स्वतंत्र तार देऊन त्या सर्व तारा मधल्या एका जागत्या चौकींत आणण्याची पद्धत पडली, आणि ही टक्कर संपली. तरी तारांचें ओझें राहिलेंच. कचेरींतील तारेंत आठ धागे असतात; मोटारींत प्रत्येक धाग्याचें वजन आणि किंमत मोजावी लागते. शिवाय जवळच इंजिनाचा विजेचा गोंगाट, उन्हाळ्याची भट्टी आणि खड्ड्यांचे हादरे.

जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें २००८ मध्यें आपल्या मोठ्या गाडींत आज्ञावली भरण्यापुरतें इथरनेट घेतलें. तें गाडी उभी असतां वापरावयाचें होतें. चालत्या गाडीसाठीं ब्रॉडकॉम या कंपनीनें अशी युक्ति काढली कीं दोन धाग्यांच्या एकाच पिळावरून दोन्ही बाजूंनीं एकाच वेळीं बोलतां यावें. आपण बोललों तें वजा करून उरेल तें दुसऱ्याचें बोलणें, असा तो हिशेब. २०११ मध्यें कारखानदारांचा एक संघ स्थापन झाला. २०१३ मध्यें बी. एम. डब्ल्यू.च्या गाडींत सभोंवारच्या कॅमेऱ्यांचीं चित्रें या तारेवरून वाहूं लागलीं. आणि २०१५ मध्यें सेकंदास १० कोटी बिटांचा हा प्रकार सर्वमान्य नियम झाला. पुढें २०१६ मध्यें त्याच्या दसपट, व २०२० मध्यें शंभरपट वेगाचे नियम आले. एका साध्या, जाळीचें वेष्टण नसलेल्या पिळावर १५ मीटर अंतर तोडतां आलें म्हणजे कोणतीहि घरगुती गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडतां येते. याच सुमारास धीम्या कामांसाठींहि एक प्रकार निघाला. त्यांत अनेक संगणक एकाच तारेवर बसतात व पाळीपाळीनें बोलतात. वेदपाठशाळेंत एकेका विद्यार्थ्यानें आपली पाळी आल्यावर म्हणावें तसें.

राहिला काळाचा प्रश्न. निरोप लवकर पोंचणें वेगळें आणि नेमक्या वेळीं पोंचणें वेगळें. लग्नांत मंगलाष्टकें लवकर आटोपून चालत नाहीं, आणि मुहूर्त टळूनहि चालत नाहीं. यासाठीं इथरनेटमध्यें कालबंधनाचे नियम घालण्यांत आले. गाडींतील सर्व संगणकांचीं घड्याळें प्रथम एकमेकांशीं मिळवून घ्यावयाचीं. मग ठराविक क्षणीं चौकीचें दार केवळ ब्रेकसारख्या महत्त्वाच्या निरोपासाठीं उघडावयाचें व त्या वेळीं चित्रें-गाणीं यांस बाहेर थांबवावयाचें. फारच महत्त्वाचा निरोप असेल तर त्याच्या दोन प्रती दोन वाटांनीं पाठवावयाच्या, म्हणजे एक तार तुटली तरी दुसरी पोंचते. एवढी व्यवस्था झाल्यावर गाडीचे चार-पांच विभाग करून प्रत्येक विभागास एक मोठा कारभारी नेमतां येतो व तारांचें जंजाळ पुष्कळ कमी होतें. कारखानदारांची दृष्टि आज याच रचनेकडे लागली आहे.

हें सर्व दूरदेशींच घडत आहे असें मात्र कोणी समजूं नये. मोटारींची परीक्षा करणारी ए. आर. ए. आय. ही संस्था १९६६ पासून पुण्यास आहे. गाड्यांच्या आज्ञावली लिहिणारी के. पी. आय. टी. ही कंपनी १९९० मध्यें पुण्यांतच निघाली. महिंद्र कंपनीची स्कॉर्पिओ ही २००२ सालची गाडी नाशिकच्या कारखान्यांतून बाहेर पडली. पुण्यास व चाकणला आज असे तरुण शेंकड्यांनीं सांपडतात, कीं ज्यांचा दिवस गाडीच्या पोटांतील हें संभाषण ऐकण्यांत जातो. आमच्या घरांतहि असा एक पुतण्या आहे.

गेल्या दिवाळींत तो घरीं आला असतां फराळाच्या वेळीं हाच विषय निघाला. आमचे वडील बंधु, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणतों, त्यांनीं विचारलें, "अरे, सगळ्यांचें बोलणें सगळ्यांना ऐकूं येत होतें, त्यांत वाईट तें काय होतें?"

पुतण्या म्हणाला, "अण्णा, वाईट एवढेंच कीं कोण बोललें हें कोणाला कळत नव्हतें. माजघरांत चोर शिरला आणि तुमच्या आवाजांत बोलला, तर घर त्याचेंहि ऐकेल. २०१५ मध्यें अमेरिकेंत दोघां संशोधकांनीं दूर घरीं बसून रस्त्यावरची चालती जीप ताब्यांत घेऊन दाखविली. कंपनीला १४ लक्ष गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. आतां प्रत्येक खोलीस दार आहे, आणि चौकीवर ओळख विचारली जाते."

अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दार लावलेंत तें उत्तम केलेंत. किल्ली कोणाजवळ ठेवलीत?"

आमच्या मतें या साऱ्या प्रकरणांतील खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचा अनुभव आम्हांस त्यापूर्वीं चारच महिने आला होता. आमचे धाकटे बंधु नोकरीनिमित्त सुरगाण्यास राहतात. आषाढांत आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां बोरगांवच्या पुढें, ऐन पावसांत, आमच्या गाडीच्या काचेखालचे सूचनेचे दिवे एकामागून एक लागले, मागचा कॅमेरा अंध झाला, आणि गाडीनें वेग धरण्याचें नाकारलें. कशीबशी ती गांवांत आणली. तेथील मेकॅनिक हा पंचविशींतील कोकणा तरुण. हात अत्यंत कुशल. त्यानें आपला लहानसा स्कॅनर गाडीच्या खोबणींत घातला, बराच वेळ पाहिलें आणि तो बंधूंना म्हणाला, "भाऊ, इंजिन सगळं सांगतंय, इंजिनाला काही झालेलं नाही. पण कॅमेऱ्याकडचा भाग माझ्याशी बोलतच नाही. तो कंपनीच्या मशीनशीच बोलणार."

दुसऱ्या दिवशीं शेजारच्या वृद्ध बाईंना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं याच गाडीनें नाशिकला न्यावयाचें ठरलें होतें. त्या पहाटेच्या एस. टी.नें उभ्यानें गेल्या. आमची गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर चढून घाट उतरली. नाशिकला तिसऱ्या दिवशीं निदान झालें: मागच्या दाराच्या बिजागरीजवळ तारेच्या जोडांत पाणी शिरलें होतें. जोड पुसून, वाळवून पुन्हां बसविण्यास पाव तास लागला. तो पाव तासाचा उपाय सुरगाण्याच्या त्या तरुणाच्या हातीं होता. त्याला कोठें हात लावावयाचा एवढेंच सांगणारें कोणी नव्हतें. कंपनी कोणती, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण हा रिवाज एका कंपनीचा नाहीं.

यावरून कोणी म्हणेल, कीं जुनी जीपच बरी होती. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या कॅमेऱ्यानें अंगणांत खेळणारें मूल गाडीच्या मागें दिसतें, तो कॅमेरा आम्हांस हवा आहे. घाटांत धुक्यांत समोरचा बैल आधीं पाहणारें रडारहि हवें आहे. आणि या गोष्टी हव्या असतील तर त्यांचा भार वाहणारी तारहि तशीच पाहिजे. किंबहुना इथरनेटचा स्वीकार हा आमच्यासारख्यांस अधिक आशादायक वाटावा असें त्यांत कांहीं आहे. त्याचे नियम कोणा एका कारखानदाराचे खाजगी नाहींत. तहसील कचेरींतील संगणक ज्या कुळांतल्या भाषेंत बोलतो, त्याच कुळांतली ही भाषा आहे. गाडीच्या तपासणीच्या खोबणींतून इथरनेटनें कसें बोलावें याचाहि आंतरराष्ट्रीय नियम ठरलेला आहे. रस्ता सार्वजनिक आहे. त्यावरून जाणाऱ्या पत्रांचा अर्थ व कुलपांच्या किल्ल्या तेवढ्या कंपनीच्या पेटींत आहेत. दोष तारेचा नाहीं, पेटीचा आहे.

किल्ली सर्वांस वाटली तर चोरासहि मिळेल, हा आक्षेप खोटा नाहीं. पण त्याचें उत्तर सरसकट नकार हें नव्हे. औषधाच्या दुकानांत विषारी औषधें असतात, म्हणून आपण तालुक्याच्या गांवीं औषधाचें दुकान बंद करीत नाहीं. परवाना देतों व नोंद ठेवतों. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनीं २०१२ मध्यें असा कौल दिला कीं कंपनीच्या कार्यशाळेस जी माहिती मिळते ती बाहेरच्या दुरुस्तीवाल्यासहि योग्य मोल घेऊन द्यावी, आणि २०२० मध्यें गाडींतून बिनतारी जाणाऱ्या माहितीसहि तोच न्याय लावला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानें २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक सार्वजनिक सोय उघडली. तींत शेतीचीं अवजारें, मोबाईल, घरगुती उपकरणें यांबरोबर वाहनेंहि घेतलीं. आरंभ चांगला आहे. पण दुरुस्तीची पुस्तिका मिळणें आणि बंद दरवाजा उघडणें यांत अंतर आहे, आणि तें अंतर काटण्यासाठीं तालुक्याच्या औद्योगिक शाळांतून ही नवी बोली शिकविली गेली पाहिजे. ज्याला पाना धरतां येतो त्याला ही भाषा येणार नाहीं, असें समजणें हा शहरी अहंकार आहे. त्या कोकणा तरुणाची घरची बोली एक, आमच्याशीं बोलण्याची दुसरी, आणि शेजारच्या गुजराथी गिऱ्हाइकांशीं बोलण्याची तिसरी. चौथी त्याला जड नाहीं.

या कामीं आमच्या वाचकांकडे दोन गोष्टी आहेत. पुष्कळांच्या घरांत आज गाडी घेतली जाते, आणि पुष्कळांच्या घरांतील मुलें पुण्यास त्याच गाड्यांच्या आज्ञावली लिहितात. गाडी घेणाऱ्यानें रंग आणि मायलेज विचारल्यावर आणखी एवढें विचारावें: हिची तपासणी बाहेरच्या माणसास करतां येईल काय? किती वर्षेंपर्यंत हिच्या आज्ञावली सुधारून मिळतील? हिची माहिती कोठें जाते? विक्रेत्यास आज उत्तर येणार नाहीं. पण दहाजणांनीं विचारलें म्हणजे त्याला तें शोधावें लागेल. आणि आज्ञावली लिहिणाऱ्या मुलांना घरच्या वडील मंडळींनीं अण्णांचा प्रश्न विचारावा. आमच्या पुतण्यानें त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. पण परत जातांना त्यानें सुरगाण्याच्या त्या मेकॅनिकचा फोन नंबर धाकट्या बंधूंकडून मागून घेतला, आणि तेव्हांपासून त्या दोघांचें अधूनमधून बोलणें होत असतें, असें आम्हांस कळतें.